बिल निघेपर्यंत

1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून कुंडल रोड स्टेशनाशेजारच्या माळावर आले, तेव्हा त्यांनी कुठलं टेंडर भरलं नव्हतं. बेळगावच्या नगरपालिकेला ठळकवाडीची जागा नव्या वस्तीसाठी हवी होती, म्हणून त्यांचा नांगरांचा कारखाना तिथून उठवावा लागला. औंध संस्थानात एका बांधकामाच्या निमित्ताने त्यांचं जाणं-येणं होतं. तिथल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी या माणसाची चिकाटी जोखली, 32 एकर माळ दिला, 10 हजार रुपयांच्या कर्जाची सोय केली आणि निवडुंग-सापांच्या त्या रानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. ना बयाणा रक्कम, ना तीन वर्षांचा ताळेबंद, ना अनुभवाचा दाखला. सरकार म्हणजे एक माणूस होता आणि त्याने दुसऱ्या माणसावर भरवसा टाकला.

कृष्णाकाठच्या सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांची उद्योगाची जुनी ओळख अशीच आहे. कराडजवळ ओगल्यांनी 1916 मध्ये काच कारखाना काढला, पुढे त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी 1922 मध्ये नांगरांचा कारखाना सुरू केला आणि हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्रीही होते. स्वातंत्र्यानंतर राज्य सरकार थेट भागीदार म्हणून उतरलं. 1975 मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स आली ती पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांच्या भागीदारीतून. राजाश्रय, मग लोकाश्रय, मग शासनाचं भागभांडवल.

आता कुपवाड, पलूस, तासवडे किंवा देगावच्या एमआयडीसीत शेड टाकून बसलेल्या माणसाला सरकारशी धंदा करायचा तर समोर राजा नसतो. समोर संगणकाचा पडदा असतो, त्यावर एक बिड उघडलेली असते आणि कोपऱ्यात ती बंद व्हायला किती तास उरले ते दाखवणारं घड्याळ चालू असतं. मला हा बदल वाईट वाटत नाही. भरवशाचा राजा सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हता. ज्यांच्या वाट्याला आला त्यांचीच नावं आपल्याला पाठ आहेत. पण या पडद्याबद्दल गावोगावी दोन समजुती आहेत. एक, तिथे सगळं आधीच ठरलेलं असतं. दुसरी, उद्यमचा, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा, दाखला काढला की काम मिळतं. दोन्ही चूक आहेत, आणि माझ्या मते दुसरी जास्त महागात पडते.

केंद्र सरकारची खरेदी पूर्वी दिल्लीच्या एका संचालनालयातून चाले. ब्रिटिश अमदानीपासूनची ही व्यवस्था; त्याला सगळे डीजीएस अँड डी म्हणत. दर-करार तिथे व्हायचे, खुर्चीपासून वाहनापर्यंत. त्या दर-करारात बसायचं तर दिल्लीत ऊठबस लागे आणि सांगलीच्या माणसाला ती परवडत नसे. 9 ऑगस्ट 2016 रोजी सरकारी ई-बाजारपेठ, म्हणजे ‘जेम’, सुरू झाली आणि 31 ऑक्टोबर 2017 रोजी ते संचालनालय बंद झालं. त्याच वर्षीच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या 149 व्या नियमाने, जी वस्तू किंवा सेवा जेमवर मिळते ती केंद्राच्या खात्यांनी तिथूनच घ्यायची, असं बंधन घातलं. 2024-25 या वर्षात या बाजारपेठेतली उलाढाल पाच लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली. एवढ्या पैशातला आपल्या दोन जिल्ह्यांतल्या शेडपर्यंत किती पोचतो, हा खरा प्रश्न.

‘केंद्र सरकार’ म्हटलं की डोळ्यांसमोर दिल्ली येते. पण गिऱ्हाईक दिल्लीत बसलेलं नाही. ते मिरज जंक्शनात आहे. पलूसच्या आणि साताऱ्याजवळच्या खावलीच्या नवोदय विद्यालयांत आहे, जिथे मुलं राहतात, म्हणजे गाद्या, गणवेश, भांडी, किराणा, डेस्क हे सगळं लागतं. साताऱ्याच्या सैनिक शाळेत आहे. 1961 ची ही देशातली पहिली सैनिक शाळा. एलआयसीच्या सातारा विभागीय कार्यालयात, सांगलीच्या आकाशवाणीत, मुख्य टपाल कार्यालयांत, बीएसएनएलमध्ये, आयकर कार्यालयात, राष्ट्रीयीकृत बँकांच्या शाखांत आहे. यांतले काही थेट केंद्राची खाती, काही स्वायत्त संस्था, काही सार्वजनिक कंपन्या. प्रत्येकाचे खरेदीचे नियम थोडे निराळे. पण प्रिंटरचं टोनर, पाण्याची टाकी, झाडलोट, भाड्याची गाडी हे सगळ्यांनाच लागतं. पुरवठा कुठल्या पिनकोडला करायचा आहे ते बिडमध्ये लिहिलेलं असतं. 415 आणि 416 ने सुरू होणाऱ्या बिडा रोज पाहत जाणं, एवढीच सवय महिनाभर लावून घेतली तरी आपल्या भागात कोण काय घेतं याचा नकाशा डोक्यात तयार होतो. हे काम कुणी सल्लागार करून देत नाही आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

जेमवर खरेदीचे तीन दरवाजे आहेत. 50 हजारांपर्यंत (पूर्वी ही मर्यादा 25 हजार होती) अधिकारी थेट कुणाकडूनही घेऊ शकतो. त्यापुढे 10 लाखांपर्यंत निदान तीन उत्पादकांची तुलना करून सर्वांत स्वस्त घ्यायचं. त्याच्याही वर बिड किंवा उलटा लिलाव. नवा माणूस थेट तिसऱ्या दरवाजावर जाऊन डोकं आपटतो, कारण मोठी ऑर्डर दिसते. खरं तर पहिल्या दरवाजातून 40 हजारांचा माल दिला, तो वेळेत पोचला, पावती झाली, पैसे आले, की त्या खात्यात आपल्या नावाचा एक पूर्ण झालेला व्यवहार नोंदला जातो. पुढे ‘अनुभव’ या रकान्यात लिहायला तोच उपयोगी पडतो. 10 लाखांपर्यंतच्या ऑर्डरवर जेमचं व्यवहार शुल्कही ऑगस्ट 2024 पासून उरलेलं नाही.

आता त्या धोरणाकडे येऊ, ज्याच्या नावाने सगळी मेळावे-शिबिरं भरतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचं (म्हणजे ‘एमएसई’साठीचं) सार्वजनिक खरेदी धोरण 2012 च्या आदेशाने आलं. केंद्राच्या खात्यांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला 20 टक्के माल लहानांकडून घ्यावा, असं त्यात होतं. 2015 पासून ते बंधनकारक झालं आणि एप्रिल 2019 पासून वाटा 25 टक्के झाला. त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि 3 टक्के महिलांसाठी. शिवाय 358 वस्तू फक्त लहानांकडूनच घ्यायच्या. ती यादी एकदा सवडीने वाचावी. त्यात लोखंडी कपाटं आहेत, झाडू आहेत, आणि अगदी वरच ‘हाताने चालवायची आणि जनावरांनी ओढायची शेती अवजारं’ आहेत. ज्या नांगरांनी किर्लोस्करवाडी आणि सातारा रोड उभे केले ते नांगर आज कागदोपत्री लहानांसाठी राखीव आहेत, फक्त ते विकत घेणारं खातं आणि ओढणारा बैल या दोघांचाही पत्ता नाही. यादी जुनी झाली की अशी गंमत होते.

या धोरणातलं सर्वांत गैरसमजाचं कलम म्हणजे ‘एल-वन अधिक 15 टक्के’. एल-वन म्हणजे सर्वांत कमी दर भरणारा. उदाहरणच घेऊ. समजा एका खात्याला 80 सबमर्सिबल पंप हवेत. एका मोठ्या कंपनीने 30 हजारांना एक असा सर्वांत कमी दर भरला. पलूसच्या एका लघुउद्योजकाने 34 हजार भरला. 30 हजारांवर 15 टक्के म्हणजे 34,500. आपला माणूस पट्ट्यात बसला. आता त्याला विचारलं जाईल: 30 हजारांना देतोस का? हो म्हणाला तर 80 पैकी 25 टक्के, म्हणजे 20 पंपांची ऑर्डर त्याची. इथेच लोक चुकतात. त्यांना वाटतं, सरकार लहानाला 15 टक्के जास्त दर देतं. देत नाही. मोठ्याच्या दराला माल देण्याची संधी देतं. ज्याला 30 हजारांत तो पंप परवडत नाही, त्याच्यासाठी हे कलम म्हणजे तोट्यात जाण्याचा कायदेशीर मार्ग. आणि सर्वांत कमी दर भरणारा स्वतःच लघुउद्योजक निघाला तर हा पट्टा लागूच होत नाही. म्हणून बिड भरण्याआधी आपला खरा उत्पादन खर्च काढावा लागतो: मटेरियल, मजुरी, वीज, वाहतूक, रिजेक्शन, आणि पैसे येईपर्यंतचं व्याज. आपल्याकडे शेवटच्या दोन गोष्टी हिशेबात धरायची पद्धत नाही.

आणखी एक अट आहे. हे धोरण माल बनवणाऱ्यांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. माल इकडून घेऊन तिकडे देणाऱ्या व्यापाऱ्यासाठी नाही. व्यापारी उद्यमवर नोंदणी करू शकतो, जेमवर विकूही शकतो, पण हा पट्टा, ही सूट त्याला नाही. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या कितीतरी जणांनी उद्यमचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं आहे, त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

बिडचा कागद कसा वाचायचा, यावर मी थोडा वेळ घेतो, कारण माझ्या मते काम इथेच मिळतं किंवा जातं. पहिल्या पानावर किमान सरासरी उलाढाल किती हवी, किती वर्षांचा अनुभव हवा, हे असतं आणि बाजूलाच ‘एमएसईला या अटीतून सूट: होय किंवा नाही’. तो एक शब्द पाहूनच पुढे जायचं की नाही ते ठरवावं. ‘एमएसई खरेदी प्राधान्य’ हा रकाना वेगळा. ‘बिडनंतर उलटा लिलाव’ असेल तर पहिल्यांदा भरलेला दर शेवटचा नसतो. लिलावात सर्वांत महाग बोलीवाल्याला सहसा बाहेर काढतात, म्हणजे फार वर भरून नंतर खाली येऊ, ही चतुराई अंगावर येते. बयाणा रकमेतून लहान उत्पादकाला सूट आहे, पण सुरक्षा अनामतीतून नाही. काम मिळालं की करारमूल्याच्या साधारण 3 ते 5 टक्क्यांची बँक गॅरंटी द्यावी लागते आणि बँक ती देताना आपल्या मुदतठेवीवर बोट ठेवते.

मग शेवटची पानं. तिथे खरेदीदाराने स्वतः जोडलेल्या अटी असतात, ज्यांना एटीसी म्हणतात. विशिष्ट प्रयोगशाळेचा अहवाल, 100 किलोमीटरच्या आत सेवा केंद्र, अमुक खात्याला पूर्वी पुरवठा केल्याचा दाखला. कुणासाठी तरी आधीच ठरलेली बिड असेल तर ती ओळखू येते ती या पानांवर. नियमाबाहेरची अट दिसली तर बिड बंद होण्याआधीच खरेदीदाराला लेखी विचारायचं. तांत्रिक छाननीत आपल्याला बाद केलं तर आक्षेप नोंदवायला जेमवर दोन दिवसांची मुदत मिळते. दोन दिवस म्हणजे किती कमी, हे ज्याने शनिवारी-रविवारी फाउंड्री चालवली आहे त्यालाच कळेल. बहुतेकांना बाद झाल्याचा ई-मेल तिसऱ्या दिवशी दिसतो, कारण तो ई-मेल पत्ता फॉर्म भरणाऱ्याचा असतो.

हा फॉर्म भरणारा आपल्या व्यवस्थेतला एक महत्त्वाचा इसम आहे. तो कधी झेरॉक्सच्या दुकानात असतो, कधी सीएच्या ऑफिसात, कधी पुण्यात. तो पासवर्ड स्वतःकडे ठेवतो, एका दिवसात वेगवेगळ्या पार्ट्यांच्या बिडा भरतो आणि त्याच्या नजरेत पंप, पडदे आणि पहारेकरी सारखेच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला प्रत्येक फॉर्ममागे ठरलेले पैसे मिळतात, बिड जिंकण्याचे नाहीत. अमेरिकेत हीच अडचण फार आधी ओळखली गेली. तिथे संघराज्य सरकारच्या खरेदीतले 23 टक्के लघुउद्योगांना मिळावेत असं लक्ष्य आहे. पण त्याहून मला हेवा वाटतो तो त्यांच्या सल्ला केंद्रांचा. 1985 पासून तिथे राज्याराज्यांत सरकारी मदतीवर ही केंद्रं चालतात, आता त्यांना ‘एपेक्स ॲक्सेलरेटर’ म्हणतात. लहान गावातला वेल्डर तिथे जाऊन बसतो, टेंडर समोर ठेवतो आणि माणूस त्याला अट समजावून सांगतो, फी न घेता. आपल्याकडे राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ 1955 पासून आहे, जिल्हा उद्योग केंद्रं आहेत, शिबिरंही होतात. शिबिरात नोंदणी कशी करायची ते दाखवतात. बिड कशी सोडून द्यायची ते कुणी शिकवत नाही, आणि दहापैकी सात बिडा सोडून देण्यातच शहाणपण असतं. कुपवाडच्या कृष्णा व्हॅली चेंबरसारख्या किंवा साताऱ्याच्या ‘मास’सारख्या संघटनांनी मिळून बिडा वाचणारा एक पगारी माणूस ठेवला, तर त्याचा पगार सभासदांना वर्षाला दोन जेवणांच्या खर्चात पडेल. अशा माणसाकडे मला शिबिरांपेक्षा जास्त आशा वाटते.

सेवांच्या बाबतीत चित्र वेगळं आणि जरा उदास आहे. तालुक्याच्या ठिकाणी केंद्राच्या कार्यालयाला जे सर्वाधिक लागतं ते मनुष्यबळ: सफाई कामगार, पहारेकरी, डेटा एंट्री, चालक. इथे मजुरी कायद्याने ठरलेली, भविष्यनिर्वाह निधी ठरलेला. स्पर्धा फक्त ठेकेदाराच्या सेवाशुल्कावर. पूर्वी लोक शून्य टक्के, एक पैसा असं भरायचे आणि मग मजुरांच्या पगारातून वसूल करायचे. म्हणून 3.85 टक्क्यांची किमान मर्यादा घातली गेली. आता सगळेच 3.85 भरतात. सगळ्यांचा दर सारखा, मग पहिला क्रमांक यंत्र आपोआप निवडतं, म्हणजे चिठ्ठीच. जिने महिला बचतगटातून दहा जणींची सफाई संस्था उभी केली आहे तिचं नाव निघालं तर निघालं. माणदेशी फाउंडेशनसारख्या संस्थेने म्हसवडला बायकांना हिशेब, बँक, संगणक शिकवले. जेमवर महिला उद्योजकांसाठी ‘वुमनिया’ हा वेगळा विभागही 2019 पासून आहे. पण दलित-आदिवासी उद्योजकांचा 4 टक्क्यांचा वाटा देशभरात पुरा होत नाही, आणि चिठ्ठीच्या या पद्धतीत तो होणारही नाही. मला विचाराल तर मनुष्यबळाच्या ठेक्यांपासून छोट्या माणसाने दूर राहावं. त्यात उद्योग कमी आणि दुसऱ्याच्या पगाराची जोखीम जास्त.

फाउंड्रीवाल्यांची वाट आणखी निराळी. मिरज-कुपवाड-पलूसच्या भट्ट्यांतून जे कास्टिंग निघतं त्याला रेल्वेत मोठी मागणी आहे, पण रेल्वेला सुरक्षेचे भाग विकायचे तर जेम नव्हे, ‘आयआरईपीएस’ हे तिचं स्वतःचं पोर्टल, आणि त्याआधी लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेकडून व्हेंडर म्हणून मान्यता. ड्रॉइंग मिळवा, पॅटर्न बनवा, नमुना ओता, चाचणी करा, कारखान्याची तपासणी होऊ द्या, मग तुम्ही ‘विकसनशील’ पुरवठादार. त्या अवस्थेत एकूण मालाच्या छोट्या हिश्शाचीच ऑर्डर मिळते. तो माल रुळांवर नीट चालला की पूर्ण मान्यता. यात वर्षं जातात. पण एकदा आत गेलेल्याला सहजासहजी कुणी हुसकावत नाही, कारण पुढच्यालाही तेवढीच वर्षं लागतात. संरक्षण खात्याने 2020 मध्ये ‘सृजन’ पोर्टल काढून पूर्वी परदेशातून येणाऱ्या सुट्या भागांची यादी लावली. 2021 मध्ये आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या आणि त्यांतल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यातच आहे. सांगलीहून पुणे काही लांब नाही. तरीही या यादीतला भाग करायचा तर सुरुवातीचा पॅटर्न-डायचा खर्च आपलाच आणि ऑर्डर पुढे किती निघेल याची हमी नाही.

म्हणूनच इथल्या बहुतेकांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसरा रस्ता धरला आहे: सरकारला थेट माल द्यायचा नाही, सरकारला देणाऱ्याला द्यायचा. किर्लोस्करवाडीचे पंप नौदलाला आणि अणुऊर्जेला जातात, फलटणच्या कमिन्सची इंजिनं सगळीकडे जातात. त्यांच्यासाठी जॉबवर्क करणारा पलूस-कराडचा टर्नर केंद्र सरकारचाच पुरवठादार आहे, त्याला ते माहीत नसतं एवढंच. पुणे-मिरज लोहमार्गाच्या दुहेरीकरणात आणि महामार्गाच्या सहापदरीकरणात मूळ कंत्राट कुठल्या तरी बड्या कंपनीकडे, पण खडी, मुरूम, डंपर, जेसीबी, मजूर, जेवणाचे डबे सातारा-सांगलीचे. पैसा खरा इथूनच जिल्ह्यात येतो. टेंडरचं रामायण नाही, गॅरंटी नाही. मात्र संरक्षणही नाही, आणि तिथून आपण पैशाच्या प्रश्नावर येतो.

कायदा कागदावर फार कडक आहे. 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लहान पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं. नाही दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. जेमवर तर माल पोचल्यावर 10 दिवसांत स्वीकृतीचं प्रमाणपत्र, त्यानंतर 10 दिवसांत पैसे, असं वेळापत्रकच आहे. प्रत्यक्षात घड्याळ सुरू होतं स्वीकृतीपासून, आणि स्वीकृती देणारा बाबू रजेवर असतो. माल गोदामात उतरलेला, चलनावर शिक्का, पण पोर्टलवर नोंद नाही. मार्चमध्ये अनुदान संपलेलं, एप्रिलमध्ये नवं आलेलं नाही.

इकडे जीएसटी थांबत नाही. 10 लाखांच्या मालावर 18 टक्क्यांनी 1 लाख 80 हजारांचा कर. कच्च्या मालावर भरलेला कर वजा करून उरलेला पुढच्या महिन्यात भरायचा, गिऱ्हाइकाने पैसे दिले असोत वा नसोत. अडीच लाखांवरच्या करारात सरकारी खातं 2 टक्के जीएसटी उगमातच कापतं. तो परत खात्यात येतो, पण नंतर. बँक गॅरंटीत अडकलेली ठेव, भरलेला कर, उधारीवर घेतलेला पत्रा, आठवड्याची मजुरी. एल-वन आलेला माणूस बुडतो तो पैसे येईपर्यंतच्या या महिन्यांत. दर चुकल्यामुळे बुडणारे कमी.

उपाय आहेत. ‘समाधान’ पोर्टलवर 2017 पासून थकबाकीची तक्रार करता येते आणि ती विभागीय सुविधा परिषदेपुढे जाते. परिषदेने 90 दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. निकाल आपल्या बाजूने लागला आणि समोरच्याला आव्हान द्यायचं असेल, तर त्याला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. हे कलम मोलाचं आहे. तरी फार थोडे तक्रार करतात. ज्या साहेबाकडून पुढची ऑर्डर हवी त्याच्या नावाने तक्रार कोण करणार? सार्वजनिक कंपन्यांना माल देणाऱ्यांसाठी ‘ट्रेड्स’ ही बिल वटवण्याची सोय चांगली आहे: कंपनीने बिल मान्य केलं की बँक थोडा कट घेऊन पैसे लगेच देते. 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. आयकर कायद्यातलं थकलेल्या बिलांचं कलमही (जुन्या कायद्यात 43 बी (एच)) आता खासगी खरेदीदाराला टोचतं. लहानांचं बिल मुदतीत दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरला जात नाही. गंमत अशी की सरकारी कार्यालय आयकर भरत नाही, म्हणून त्याला हे कलम टोचत नाही. म्हणजे किर्लोस्करवाडीला जॉबवर्क करणाऱ्याच्या हातात जे शस्त्र आहे ते थेट सरकारला माल देणाऱ्याच्या हातात नाही.

एक तारीख मात्र चुकवू नये. उद्यमची नोंदणी करार होण्याआधीची हवी. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नंतर नोंदणी करून मागच्या व्यवहारांसाठी या कायद्याचा लाभ मागता येत नाही. पुढे हा मुद्दा मोठ्या पीठाकडे गेला आहे, पण तो निकाल येईपर्यंत वाट पाहण्यात शहाणपण नाही.

बांधकामवाल्यांची गत याहून वाईट. कामाची कंत्राटं या कायद्यात बसत नाहीत असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आहेत. म्हणजे ज्याने पाइप विकला त्याला 45 दिवसांचं संरक्षण, ज्याने तोच पाइप चर खणून गाडला त्याला त्यासाठी झगडावं लागणार.

जलजीवन मिशनमध्ये नेमकं हेच झालं. 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालेली घरोघरी नळाची ही योजना. महाराष्ट्रात निम्मा पैसा केंद्राचा, निम्मा राज्याचा. वाडीवस्तीवर टाक्या आणि वाहिन्या टाकायचं काम गावच्याच पोरांनी घेतलं, कुणी स्वतःच्या नावावर, कुणी दुसऱ्याच्या. चर खणले, पाइप आणले, यंत्रं हप्त्यांवर घेतली, आणि निधी थांबला. जुलै 2025 मध्ये वाळवा तालुक्यातल्या एका तरुण कंत्राटदाराने जीवन संपवलं. केलेल्या कामाची मोठी रक्कम अडकली आणि कर्ज वाढत गेलं, असं त्याच्या जवळच्यांनी सांगितलं. सरकारच्या बाजूने उत्तर आलं ते असं की त्याच्या नावावर कंत्राटच नव्हतं, तो पोटकंत्राटदार होता.

हे उत्तर कागदानुसार बरोबर असेलही. राग येतो तो त्याच्या बरोबर असण्याचाच. साऱ्या जिल्ह्याला ठाऊक असतं की मोठं काम खाली उतरत उतरत गावच्या पोरापर्यंत येतं. अभियंत्याला ठाऊक असतं, सरपंचाला असतं, मोजमाप पुस्तिकेत आकडे लिहिणाऱ्याला असतं. पैसे अडकले की मात्र तो कुणालाच ठाऊक नसतो.

अशा पोटकंत्राटदाराला केंद्राच्या पोर्टलवर स्थान नाही, पण मुख्य कंत्राटदारावर त्याचा दावा चालू शकतो, जर कागद असेल तर. फोनवरचं ‘कर चालू, बघू’ आणि डायरीतली चिठ्ठी यांवर कुठलीच परिषद हुकूम देत नाही. मुख्य कंत्राटदाराच्या लेटरहेडवर वर्कऑर्डर हवी, तिच्यावर आपला उद्यम क्रमांक हवा, पैसे देण्याची मुदत आकड्यात हवी. ‘वरून आले की देऊ’ अशी ओळ असेल तर ती खोडून घ्यायची. पाइप, व्हॉल्व्ह, पंप असा माल आपण पुरवत असू तर त्याचं बिल मजुरीपासून वेगळं करायचं, म्हणजे निदान तेवढा भाग पुरवठा म्हणून कायद्यात बसवण्याचा प्रयत्न करता येतो. दर टप्प्याच्या मोजमापावर त्याच दिवशी दोघांच्या सह्या घ्यायच्या, चर बुजवायच्या आधी. आणि दुसरा हप्ता आल्याशिवाय तिसऱ्या वाडीचं काम सुरू करायचं नाही, मुख्य कंत्राटदार कितीही जवळचा असला तरी.